अडकलेला स्टड आणि घाईचा सौदा

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या नट-स्टडवर लिहावे, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण आपल्यातला कोणता व्यापारी आज गाडीशिवाय चालतो? कोणाची व्हॅन, कोणाचा टेम्पो, कोणाची जुनी मोटार. मालाच्या गाठी त्यातूनच जातात आणि वसुलीचा फेराही त्यातूनच होतो. दुसरीकडे आपल्या मोहल्ल्यांत अशी गल्ली क्वचितच सापडेल, जिथे एखाद्या घरचा मुलगा गॅरेजमध्ये हात काळे करीत नाही. म्हणजे पाना चालवणाराही आपला आणि बिल भरणाराही आपलाच. एका बोटभर लांबीच्या लोखंडी तुकड्यावरून या दोघांचेही नुकसान कसे होते आणि ते कसे टाळता येते, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

आमच्यावर आलेली पाळी

आमच्या दुकानाची एक जुनी मोटार आहे. भिवंडीहून महाड, खेड, चिपळूण या बाजारांत नमुने आणि थोडाफार तयार माल तीच नेते. कोकणातले कित्येक पावसाळे तिने अंगावर घेतले आहेत. एके वर्षी ऐन सीझनच्या तोंडावर तिला थरथर सुटली. सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टीअरिंग हातात कापायचे आणि क्लच सोडताना खालून धप्प असा आवाज यायचा. मिस्त्रीने पाहून सांगितले, "शेठ, माउंटिंगचे रबर बसले. नवीन टाकू. दोन तासांचे काम आहे."

दुसऱ्या दिवशी चिपळूणला माल पोहोचवायचा वायदा होता. आम्ही खुर्ची टाकून तिथेच बसलो आणि दर पंधरा मिनिटांनी "किती वेळ, किती वेळ" असा तगादा लावला. ब्रॅकेटला तीन स्टड होते. पहिल्याचा नट सुटला. दुसऱ्याचा नट स्टडला घेऊनच बाहेर आला. तिसरा हलेना. मिस्त्री म्हणाला, "याला तेल पाजून रात्रभर ठेवू या." आम्ही म्हणालो, "रात्रभर? आम्हाला पहाटे निघायचे आहे." झाले. पोराने पान्याला हातभर पाईप लावला आणि जोर मारला. 'कट्' असा आवाज झाला आणि स्टड ब्रॅकेटच्या पृष्ठभागाबरोबर तुटला. मग त्यात भोक पाडून इझी-आऊट घातला, तोही आत मोडला. शेवटी हातोडी आणि छिन्नी चालली. छिन्नीची एक कपची उडून पोराच्या भुवईला लागली. अर्धा इंच खाली लागली असती, तर एका मुलाचा डोळा गेला असता, आणि तोही आमच्या घाईपायी.

ब्रॅकेट बाद झाला. नवा मुंबईहून मागवावा लागला. दोन तासांच्या कामाला पाच दिवस लागले. चिपळूणचा माल भाड्याच्या टेम्पोने उशिरा पोहोचला आणि त्या गिऱ्हाइकाने पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली. त्यानंतर आम्ही एका जुन्या जाणत्या उस्तादाकडे दोन-तीन संध्याकाळी बसलो आणि हे काम मुळापासून समजून घेतले. पुढे मोटारीचे दुसरे माउंटिंग बदलायची वेळ आली, तेव्हा याच रीतीने तिन्ही स्टड अखंड बाहेर आले. खर्च फक्त एका रात्रीचा.

स्टड म्हणजे काय आणि तो तिथे कशाला?

बोल्टला एका टोकाला डोके असते. स्टडला डोके नसते, त्याच्या दोन्ही टोकांना आटे असतात. कारागीर भाई त्याला चुडी म्हणतात. एक टोक ब्रॅकेटमध्ये कायमचे बसवलेले असते आणि बाहेरच्या टोकावर नट आवळतात. यात हिकमत अशी की गाडी दुरुस्त करताना झीज होते ती नटाची आणि स्टडच्या बाहेरच्या आट्यांची. ब्रॅकेट अॅल्युमिनियमचा असला, तर त्याचे आटे मऊ असतात. त्यात बोल्ट वारंवार उघडला-लावला तर ते झिजून जातात. शिवाय जड इंजिन जागेवर आणताना स्टड खुंटीसारखे काम देतात. भोक समोर आले की इंजिन आपोआप रेषेत बसते.

इंजिन चालताना हादरे देते. ते थेट गाडीच्या सांगाड्यावर बसू नयेत म्हणून मध्ये रबराची उशी असते. तीच माउंटिंग. काही गॅरेजांत तिला फाउंडेशनही म्हणतात. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१ साली आपल्या प्लिमथ मोटारीत 'फ्लोटिंग पॉवर' नावाने रबरावर इंजिन तोलण्याची पद्धत आणली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. आज प्रत्येक मोटारीत रबरच असते. काही नव्या माउंटिंगमध्ये रबराच्या आत द्रवही भरलेला असतो. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे आगीचा विषय येणार आहे.

स्टड अडकतो कशामुळे?

याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही समजून घेतल्याशिवाय उपाय नीट होत नाही.

पहिले कारण गंज. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत फुगायला जागा नसते, म्हणून तो पाचरीसारखा ठासून बसतो. नट आणि स्टड यांच्यामध्ये जो जाम होतो, तो बहुधा असाच.

दुसरे कारण दोन वेगळ्या धातूंची संगत. स्टड पोलादाचा, ब्रॅकेट अॅल्युमिनियमचा आणि मध्ये खारट ओलावा. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली जगातली पहिली बॅटरी केली, ती अशाच तत्त्वावर. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या चकत्या. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाडीत प्रत्येक स्टडभोवती अशी एक इवलीशी बॅटरी तयार होते. या संगतीत खाल्ले जाते ते अॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी होते आणि ती आट्यांत सिमेंटसारखी घट्ट बसते. म्हणून जुन्या ब्रॅकेटवर स्टडच्या मुळाशी पांढरे दिसले, तर समजावे की हा स्टड सहजासहजी सुटणार नाही.

तिसरी गोष्टही असते, पण ती बिघाड नव्हे. काही कारखान्यांत स्टड बसवताना आतल्या टोकाला आटे धरून ठेवणारा चिकट मसाला लावतात. हा मसाला तेलाने सुटत नाही, उष्णतेनेच ढिला होतो.

पाना उचलण्याआधी

माउंटिंग सोडवणे म्हणजे इंजिनाचा पाय काढणे. म्हणून आधी इंजिनाला आधार हवा. जॅक ऑइल चेंबरखाली लावायचा तर मध्ये रुंद, जाड लाकडी फळी ठेवावी, म्हणजे भार पसरतो. नुसता जॅक लावला तर पत्र्याचे चेंबर दबते आणि अॅल्युमिनियमचे फुटते. वरून साखळीने इंजिन तोलता आले तर अधिक चांगले. सगळी माउंटिंग एकाच वेळी सोडू नयेत, एकेक करावे. गाडीखाली शिरायचे असेल तर घोड्या लावूनच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी कितीही अनुभवी असला तरी जाऊ नये.

डोळ्यांवर चष्मा असावा. हा चष्मा स्वस्त असतो, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा गावातल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मालकाने तो आणून द्यावा आणि शागिर्दाने तो लावावा, यात कोणालाही कमीपणा वाटू नये.

आणि शक्य असेल तर ब्रॅकेटच गाडीतून काढून टेबलावर, व्हाइसमध्ये घ्यावा. जे काम गाडीखाली आडवे पडून तीन तास घेते, ते टेबलावर अर्ध्या तासात होते. शिवाय आग, वेल्डिंग यांचा धोका रबराला, वायरीला आणि पेट्रोलच्या नळीला उरत नाही.

पायरीपायरीने उपाय

पहिली पायरी साफसफाई. तारेच्या ब्रशने स्टडचे उघडे आटे चकचकीत करावेत. त्यावरची माती आणि गंज घेऊनच नट फिरवला, तर तोच कचरा आट्यांत चिरडला जातो आणि जाम वाढतो.

दुसरी पायरी तेल आणि सबर. गंज सोडवणारे पातळ तेल फवाऱ्याच्या डब्यात मिळते. ते नसेल तर डिझेल किंवा रॉकेल वापरणारे जुने कारागीर आहेत. ग्रीस किंवा जाड इंजिन ऑइल उपयोगाचे नाही, ते फटीत शिरतच नाही. तेल एकदा मारून लगेच पाना लावणे म्हणजे बी पेरून त्याच दिवशी पीक मागणे. संध्याकाळी मारावे, झोपण्याआधी पुन्हा मारावे, सकाळी पुन्हा. ब्रॅकेट असा ठेवावा की तेल आट्यांकडे उतरेल.

तिसरी पायरी ठोके. स्टडवर एक नट त्याच्या टोकाबरोबर येईल इतका चढवावा, म्हणजे आटे दबत नाहीत. मग पितळी किंवा तांब्याचा तुकडा मध्ये धरून हातोडीचे नेमके, मध्यम ठोके द्यावेत. जोर महत्त्वाचा नाही, हादरा महत्त्वाचा. हादऱ्याने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटला मागून भक्कम टेकू द्यावा, नाहीतर कान तुटतो.

चौथी पायरी डबल नट. स्टडला डोके नाही, मग पाना कशाला लावायचा? त्याच आट्याचे दोन नट घ्यावेत, एकामागे एक चढवावेत आणि दोन पान्यांनी एकमेकांवर घट्ट आवळावेत. आता ते स्टडला डोक्यासारखे धरून बसतात. स्टड काढायचा तर पाना आतल्या, म्हणजे ब्रॅकेटच्या बाजूच्या नटावर लावून उघडायचा. बसवायचा असेल तर बाहेरच्या नटावर. हे उलटे केले तर दोन्ही नट सुटून हातात येतात आणि माणूस समजतो की युक्ती खोटी आहे.

नट त्याच आट्याचा असला पाहिजे, हे दिसते तितके सोपे नाही. १० मिलिमीटरचा स्टड १.५ च्या आट्याचाही येतो आणि १.२५ च्या आट्याचाही. १२ मिलिमीटरमध्ये तर १.७५, १.५ आणि १.२५ असे तीन प्रकार सर्रास भेटतात. चुकीचा नट दोन आटे जातो आणि तिथेच सगळे बिघडवतो. बोटांनी पूर्ण फिरला तरच तो नट बरोबर समजावा.

फिरवताना एकाच दिशेने जोर मारू नये. जरासा उघडावा, जरासा परत आवळावा, तेल सोडावे, पुन्हा उघडावा. मागे-पुढे करण्याने गंज कुटला जातो आणि बाहेर येतो. इथे हाताची परीक्षा आहे. पाना कडक लागतो तोवर ठीक. पण पाना फिरतो आहे आणि तरी स्टड मुळाशी हलत नाही, हाताला रबर पिळल्यासारखे लवचीक लागते, असे झाले की ताबडतोब थांबावे. याचा अर्थ स्टड पिळला जातो आहे, आणखी एका झटक्याने तो तुटेल. आमच्या मिस्त्रीच्या पोराला नेमकी हीच खूण कोणी शिकवली नव्हती आणि पाईप लावल्यावर ती हाताला कळतही नाही.

पाचवी पायरी उष्णता. इथे गणित ध्यानात घ्यावे. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. १० मिलिमीटरचे भोक असलेला अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट आणि त्यातला स्टड दोन्ही १५० अंशांनी तापले, तर भोक सुमारे ०.०३५ मिलिमीटरने वाढते आणि स्टड सुमारे ०.०१८ ने. म्हणजे मोकळीक मिळते ०.०१७ मिलिमीटरची. डोक्याच्या केसाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा. ऐकायला काहीच नाही, पण जाम सुटायला तेवढे पुष्कळ होते. म्हणून तापवायचा ब्रॅकेट, स्टड नव्हे.

गरम हवेच्या गनने किंवा गॅसच्या मंद ज्योतीने, ज्योत सतत फिरती ठेवून, स्टडभोवतीचा भाग तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच तडतडून उडाला की पुरे. अॅल्युमिनियम लाल होत नाही. पोलाद तापले की रंग सांगतो, अॅल्युमिनियम मात्र तसेच पांढरे दिसत असते आणि शुद्ध असेल तर ६६० अंशांना, मिश्रधातू असेल तर त्याच्या आधीच, अचानक ढासळते. त्याच्याही पुष्कळ आधी जास्त उष्णतेने त्याचे पाणी उतरते, म्हणजे ते नरम पडते. असा ब्रॅकेट वरून धडका दिसतो आणि पुढे रस्त्यात तुटतो.

तापवण्याआधी मारलेले तेल पुसून घ्यावे, नाहीतर ते पेट घेते. रबराचे माउंटिंग आधी वेगळे करावे. द्रव भरलेल्या माउंटिंगजवळ तर ज्योत नेऊच नये. ब्रॅकेट गरम असताना स्टडच्या मुळाशी मेणबत्तीचा तुकडा टेकवला, तर मेण वितळून आट्यांत ओढले जाते. ही जुनी युक्ती आजही कामाला येते. स्टड चिकट मसाल्याचा असेल तर तो ढिला व्हायला उष्णता थोडी जास्त, २५० अंशांच्या आसपास लागते, तेव्हा तिथे हात जपून आणि वेळ कमी.

ब्रॅकेट पोलादी किंवा बिडाचा असेल तर आग जास्त सोसतो. पण तापलेल्या बिडावर पाणी टाकू नये, चीर जाते. ही गोष्ट मागाच्या बिडाच्या चौकटीवर काम करणाऱ्या आपल्या लूम-मिस्त्रींना वेगळी सांगायला नको.

तुटलाच तर

स्टड तुटला म्हणजे खेळ संपला असे नाही, पण आता एकेक चूक महाग पडते.

तुकडा थोडा वर असेल किंवा पृष्ठभागाबरोबर असेल, तर सर्वांत उत्तम उपाय वेल्डिंगचा नट. साधा, जस्ताचा मुलामा नसलेला नट तुकड्यावर ठेवावा आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग भरून दोन्ही एकजीव करावे. मुलामा असलेल्या नटाचा धूर छातीला वाईट असतो. पोलादाचे वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, म्हणून ब्रॅकेटला सहसा अपाय होत नाही. शिवाय वेल्डिंगची उष्णता थेट तुकड्यात उतरते आणि जाम तडकतो. लाली गेली, पण अजून गरम आहे, अशा वेळी पाना लावून हळूहळू मागे-पुढे करावे. पहिला नट तुटून आला तर दुसरा जोडावा. हे काम गाडीवरच करणे भाग पडले, तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा, अर्थचा चिमटा कामाजवळच लावावा आणि वाळूची बादली हाताशी ठेवावी.

वेल्डिंग जमण्यासारखे नसेल तर ड्रिल. तुटलेला भाग कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर पंच मारावा. ३ मिलिमीटरने सुरुवात करून मग ५, मग ६.५ असे वाढत जावे. हातातले ड्रिल इथे दगा देते. पोलाद कठीण, बाजूचे अॅल्युमिनियम मऊ, म्हणून ड्रिल मऊ बाजूला सरकते आणि भोक तिरपे जाते. ब्रॅकेट काढून लेथवाल्याकडे ड्रिल मशीनखाली बांधून घ्यावा. उलट्या फिरणारे ड्रिल मिळाले तर फारच छान. पुष्कळदा ड्रिल करता करताच तुकडा सुटून बाहेर येतो.

इझी-आऊटबद्दल एक इशारा. तो कडक पोलादाचा असतो आणि कडक असल्यामुळेच ठिसूळ असतो. जो स्टड पान्याला जुमानला नाही, तो त्या बारीक खुंटीला काय जुमानणार? इझी-आऊट आत मोडला की साधे ड्रिल त्याला कापत नाही. तेल, ठोके, उष्णता हे सर्व झाल्यावर आणि हलका जोर पुरेसा वाटला तरच तो वापरावा.

सर्व फसले तर संपूर्ण स्टड ड्रिलने खाऊन टाकावा आणि भोकात पोलादी तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवावेत. हेलिकॉइल या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यासाठी वेगळ्या मापाचा टॅप लागतो. नीट बसवलेले असे आटे अॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरतात. म्हणून आटे गेले म्हणजे ब्रॅकेट भंगारात, असे लगेच समजू नये. मात्र ब्रॅकेटला चीर गेली असेल तर तो बदलावाच.

परत बसवताना

जुना स्टड बाहेर आला आणि त्याला पाईप पान्याचे दात लागले असतील, तर तो पुन्हा वापरू नये. नवा स्टड त्याच ताकदीचा घ्यावा. ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात ते ताकदीचे. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसणारा, १०.९ म्हणजे १००० चा. १०.९ च्या जागी बाजारातली साधी सळई आटे पाडून बसवली, तर ती दिसायला सारखीच असते, पण इंजिनाच्या हादऱ्यात टिकत नाही.

भोक टॅपने साफ करून हवेने कोरडे करावे. आंधळ्या भोकात तेल साचलेले असेल, तर स्टड आवळताना ते दाबले जाते आणि ब्रॅकेटला चीर जाऊ शकते. नवा स्टड आधी बोटांनी पूर्ण आत जातो का, ते पाहावे. कंपनीच्या पुस्तकात चिकट मसाला सांगितला असेल तर तोच लावावा, नसेल तर जाम न होऊ देणारे ग्रीस अगदी पातळ लावावे. ग्रीस लावल्यावर तोच टॉर्क आटे जास्त ओढतो, म्हणून पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर हात आवरता घ्यावा. नट आधी हलके लावावेत, जॅक उतरवून इंजिनाचा भार रबरावर येऊ द्यावा आणि मग टॉर्क पान्याने शेवटचे आवळावेत. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच राहते आणि लवकर फाटते.

दोन्ही बाजूंसाठी दोन शब्द

आता व्यापाराच्या पानाला शोभेल असा हिशेब. मालक बंधूंनी गाडी वायद्याच्या आदल्या दिवशी गॅरेजला नेऊ नये. थरथर सुटली की आठवड्याभरात, आपल्या सवडीने न्यावी. 'दोन तास' आणि 'अडकला तर एक रात्र' असे दोन्ही अंदाज आधीच विचारावेत आणि दोन्हींची मजुरी आधीच ठरवावी. रात्रभर तेल पाजणारा कारागीर आळशी नव्हे, तो आपला ब्रॅकेट वाचवीत असतो. त्या रात्रीचे दोन पैसे त्याने मागितले तर ते नवीन ब्रॅकेटच्या किमतीपुढे काहीच नाहीत. पाच दिवसांचे टेम्पोचे भाडे आणि तुटलेले गिऱ्हाईक तर आम्ही बिलात धरलेच नाही.

कारागीर भाईंना विनंती अशी की कठीण दिसणाऱ्या स्टडवर पाना लावण्याआधी मालकाला बोलावून दाखवावे. "शेठ, मुळाशी पांढरे आहे, तुटू शकतो, काय करू?" एवढे एक वाक्य पुढचे सगळे भांडण वाचवते. आणि तुटलाच, तर लपवू नये. भोकात दोन नळ्यांचा चिकट मसाला भरून त्यात स्टड उभा करून गाडी देणारे लोक आहेत. आठ दिवस गाडी चालते, मग घाटात इंजिन एका बाजूला ढळते. त्या गाडीत कोणाची बायकामुलेही बसलेली असतात. गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत आहे.

तो पोरगा आता स्वतः मिस्त्री झाला आहे. भुवईवरची खूण अजून आहे. त्याच्या टेबलावर तेलात भिजत पडलेला एखादा ब्रॅकेट नेहमी दिसतो आणि त्याचा शागिर्द चष्मा लावल्याशिवाय छिन्नीला हात लावत नाही. परवा एक शेठ "आजच पाहिजे" म्हणून अडून बसले होते. त्याने शांतपणे सांगितले, "शेठ, आज हवी असेल तर स्टड तुटेल, उद्या हवी असेल तर सुटेल. तुम्ही सांगा." शेठ थोडे कुरकुरले आणि रिक्षा करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी तयार होती, ब्रॅकेट जुनाच आणि स्टड नवे.